मेंढरांमागची पिकअप

ज्येष्ठाच्या तोंडावर मेंढरं माणदेशात परतली. पिंपळदऱ्याच्या वळणावरून बनुबाईला आपलं घर दिसलं आणि घराच्या कट्ट्यावर बसलेला नवराही दिसला. दिवाळी झाल्यावर ती तात्याबाला तिथंच बसवून गेली होती. जवळ गेल्यावर त्यानं मान वर केली. तोंडाची उजवी बाजू थोडी हलली, पण शब्द फुटला नाही.

तिनं चूल पेटवून पाणी तापवलं. अंघोळ घालायला म्हणून त्याची बंडी काढली आणि पाठ बघून तिचा हात थांबला. कमरेखाली दोन्ही बाजूंना कातडी सोलून जखमा झाल्या होत्या. एक जखम तर चांगली खोल होती. शेजारी राहणारी पुतणी दारात येऊन उभी राहिली होती. ती रडवेली होऊन म्हणाली, "काकी, म्या रोज जेवाय घालत हुते. पर एकटीला ह्येंची कूस कुठं बदलाय येतीया?"

बनुबाईनं तिला बोल लावला नाही. पुतणीच्या पदरात दोन लेकरं होती, घरी म्हैस होती. तिनं केलं तेवढं पुष्कळ केलं होतं. बनुबाईनं हळदीच्या पाण्यानं जखमा धुतल्या. धुताना तात्याबाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून ती पाठीवर पाणी ओतत राहिली.

तात्याबा जातीचा मेंढका. कळतं वय झाल्यापासून वर्षातले सात-आठ महिने तो चालतच होता. दसरा-दिवाळी झाली की माणदेशातून निघायचं, येरळेच्या कडेनं कृष्णाकाठी उतरायचं, कऱ्हाडवरून पाटणच्या खोऱ्यापर्यंत जायचं आणि वळवाच्या पावसाआधी परतायचं. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत. लेंड्यांचं खत रानाला मिळे आणि धान्य-पैका मेंढक्याला. सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर. घरातल्या प्रत्येकानं चालायचं, हा नियम. आणि जो चालू शकत नाही त्यानं गावात मागं राहायचं, हाही नियमच. तो कुणी घालून दिला नव्हता, त्याला दुसरी वाटच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तात्याबाची डावी बाजू गेली. हात लोंबला, पाय ओढावा लागू लागला, बोलणं अडखळलं. पहिलं वर्ष मुलगा नाथाजी आणि सून सोनिया मेंढरांमागं गेली आणि बनुबाई त्याच्यापाशी राहिली. पण दोघांना मेंढरांची एवढी खांड आवरेना. कोकरं मेली, वाट चुकली, तीन मेंढ्या चोरीला गेल्या. म्हणून दुसऱ्या वर्षी बनुबाई निघाली, आणि परत येऊन तिनं ही पाठ पाहिली.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर ती मुलाला म्हणाली, "नाथा, औंदा ह्यास्नी मागं ठिवायचं न्हाई."

"मग कसं न्यायचं गं? घोडीवर बसतील व्हय?"

"कसं न्यायचं ते तू बघ. न्यायचं एवढं मी सांगितलं."

नाथाजीच्या मनात पिकअप कधीपासून होती. माणदेशातल्या कितीतरी मेंढक्यांनी घोडी देऊन पिकअप घेतल्या होत्या. आईच्या तोंडून हे निघालं आणि त्याला तेवढंच हवं होतं. घोडी जतकडच्या एका धनगरानं नेली. काही बकरी बाजारात गेली. विट्यात एका गलाईवाल्याच्या दारात जुनी पिकअप उभी होती. त्याची पोरं तिकडं मद्रासकडं सोन्याच्या भट्टीवर कायमची राहिली, गाडी वापरायला कुणी नव्हतं. ती नाथाजीनं आणली.

गाडी आली, पण ती मेंढक्याच्या कामाची नव्हती. डांबरी सोडून रानात उतरली की तिचं बूड बांधाला घासायचं. उसाच्या बुडख्यांनी सायलेन्सर पहिल्याच आठवड्यात फाटला. नाथाजीनं मोबाईलवर उचललेल्या गाड्या पाहिल्या होत्या. मोठाली चाकं, खालून माणूस सरपटत जाईल एवढी उंची. रस्त्याकडच्या एका गॅरेजवाल्याला त्यानं गाठलं. त्या माणसानं आखाच्या आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे लोखंडी ठोकळे घातले, गाडी वीतभर उचलली, थोराड टायर चढवले आणि हौद्यात दोन मजले करून दिले. खाली भांडी-पोती, वर जाळीत कोकरं.

गाडी गावात आली तेव्हा पाराजवळची माणसं उठून बघायला आली. नाथाजी दार उघडून उतरला तो उडी मारूनच. त्याच्या तोंडावर एवढा आनंद होता की बनुबाईनं ओठांवर आलेला शब्द गिळला. ती गाडीजवळ गेली आणि पाय ठेवायची पट्टी कुठं येते ते पाहिलं. पट्टी तिच्या कमरेला लागत होती.

"नाथा, तुझ्या बाला ह्यात कसं चढवायचं?"

"मी हाय की. उचलून ठिवतो."

दिवाळीनंतर निघायच्या दिवशी नाथाजीनं आणि चुलत्यानं मिळून तात्याबाला पोत्यासारखं वर ढकललं. त्याचा सदरा दंडाशी फाटला. आत बसल्यावर त्यानं उजव्या हातानं खिडकीची कड धरली आणि गाव संपेपर्यंत सोडली नाही. पण मेंढरं दिसताच त्याचा चेहरा बदलला. बनुबाई खांडीबरोबर चालत होती. तिनं वर पाहिलं, तेव्हा तो ओठ हलवत होता. मेंढरं मोजत होता.

पलूसच्या बाजूला पोचले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते घडलं. ऊस तुटून गेलेल्या एका रानात मुक्काम होता. कालव्याच्या भरावावरून रानात उतरायची वाट तिरपी होती. बनुबाई आणि सोनिया खाली वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लावत होत्या. नाथाजीनं गाडी सावकाश घातली. घाई केली नव्हती, ते बनुबाईनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. डाव्या अंगाची चाकं मऊ मातीत दबली, वरच्या मजल्यावरची कोकरं सगळी एका बाजूला घसरली आणि गाडी कलली. एखादी थकलेली म्हैस बसावी तशी ती हळूच कुशीवर आडवी झाली.

आवाज फार मोठा झाला नाही. मग कोकरांचा कालवा उठला.

बनुबाई पळत पोचली तेव्हा नाथाजी वरच्या दारातून निघून बापाला ओढत होता. तात्याबा खालच्या बाजूला, दाराच्या काचेवर पडला होता. दोघींनी आणि बांधावरच्या शेतकऱ्यांनी मिळून त्याला बाहेर काढलं. त्याच्या कपाळाला खरचटलं होतं, बाकी काही दिसत नव्हतं. बनुबाईनं त्याला मांडीवर घेतलं.

"लागलं का वं कुठं?"

त्यानं मान हलवली. जड जिभेनं म्हणाला, "कोकरं... बघ."

मग तिचं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडं गेलं. कोपराच्या खाली जिथं हात वाकायला नको तिथं तो वाकला होता. हाड मोडलं होतं, आणि त्याला ते कळलंच नव्हतं. तो तसाच कोकरांकडं बघत होता. बनुबाईनं आपला पदर त्या हातावर टाकला. का टाकला ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याला दिसू नये एवढंच तेव्हा मनात आलं.

बरीच कोकरं दबून मेली होती. सोनिया एकेकाला उचलून बांधावर ठेवत होती. खाली वाघरीत त्यांच्या आया ओरडत होत्या.

तात्याबाचा हात सांगलीच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टरमध्ये बसला. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून गाडी उभी केली. नाथाजी दोन दिवस गाडीकडं फिरकला नाही. भाकरी पुढं ठेवली तर तशीच राहायची. शेवटी म्हणाला, "इकून टाकू गाडी. मी पुन्यांदा त्या चाकाला हात लावनार न्हाई."

"घोडी गेली," बनुबाई म्हणाली, "आता गाडी इकून बिऱ्हाड डोक्यावर घेनार हायस का? आणि ह्यास्नी पुन्यांदा कट्ट्यावर बसवनार?"

"आई, मी मारलं असतं त्यास्नी."

ती त्याच्या शेजारी बसली. लग्न झालेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवायची त्यांच्यात रीत नव्हती. ती नुसती बसली. मग म्हणाली, "तुझ्या मनात वाईट नव्हतं. गाडी उचलायची हुती ते बराबर. कुनासाटनं उचलायची, ते आपून इचारात घेटलं न्हाई. मीबी बोलले न्हाई. दिसत हुतं मला, तरी गप बसले."

ज्या शेतकऱ्याचं रान होतं त्यानंच कुपवाडच्या लालासाहेब मेस्त्रीचं नाव सांगितलं. लालासाहेब मिरजेकडचा. फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि आता कुपवाडच्या वसाहतीत एका कारखान्याच्या भिंतीला लागून त्याचं पत्र्याचं शेड होतं. शेतकऱ्याच्या मुलानं पिकअप तिथं नेऊन दिली. बनुबाई बरोबर गेली.

लालासाहेबानं गाडीखाली डोकं घातलं, ठोकळ्यांवर हात फिरवला आणि बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "आक्का, ही कुनाच्या सांगन्यावरनं उचलली?"

"पोरानं उचलली. लय हौसंनं."

"ह्यात बसतंय कोन?"

तिनं सगळं सांगितलं. तात्याबाची डावी बाजू, पाठीच्या जखमा, पोत्यासारखं चढवणं, मोडलेला हात. लालासाहेब ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "मग मला आदी तो मानूस बघाय पायजे. मंग गाडी."

"त्यास्नी हितं कसं आनू?"

"तुमी आनू नका. मी येतो."

रविवारी तो मोटारसायकलवरून रानात आला. वाघरीजवळ घोंगडीवर बसलेल्या तात्याबाला त्यानं रामराम केला आणि समोर उकिडवा बसला. टेप काढून टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं, गुडघ्यापासून कमरेपर्यंत घेतलं. म्हणाला, "मामा, जरा उठून दावा बरं. कसं उठता ते बघू द्या." तात्याबा काठी धरून, उजवं अंग आधी उचलून, डावं मागं ओढत उभा राहिला. लालासाहेबानं त्याला तीनदा बसवून उठवलं. घाई केली नाही. तात्याबाला घाम आला, तरी तो न सांगता चौथ्यांदा उठला. कुणी आपल्याला काही करून दाखवायला सांगितलं, असं दोन वर्षांत पहिल्यांदाच घडलं होतं.

मग चुलीतल्या कोळशानं एका सपाट दगडावर आखणी सुरू झाली. नाथाजी लांब उभा होता. लालासाहेबानंच त्याला हाक मारली, "ये रं गड्या हिकडं. गाडी तुझी हाय."

"मी चालवनार न्हाई आता."

"नगं चालवू. आखाय तरी बस."

लालासाहेब म्हणाला, "उंची गाडी उचलूनच मिळती असं न्हाई. खाली लोंबतंय ते वर घ्यायचं. स्टेपनी खाली टांगलीया, ती केबिनच्या मागं उभी करायची. सायलेन्सर वर वळवून बाजूला काढायचा. निम्मं घासायचं तिथंच थांबलं. आता ऱ्हायलं मागलं अंग. ठोकळे काढायचे. पाट्यांना कमान दिऊन घ्यायची आनि एक लांब, पातळ पाटा वाढवायचा. चार बोटं उंची मिळंल."

"चार बोटंच?" नाथाजी न राहवून म्हणाला. "दोन जाड पाटे टाकलं तर हातभर हुईल की."

"हुईल. आनि गाडी रिकामी पळाय लागली की दगडावानी उडंल. तुझा बा आत हाय. त्येच्या पाठीला जखमा हायत्या." त्यानं कोळसा खाली ठेवला. "शिवाय कागदावर गाडीचं जे माप हाय ते सोडून लय लांब जायचं न्हाई. पासिंगला उभी ऱ्हायली पायजे, वळनावर उभी ऱ्हायली पायजे."

बनुबाई दगडाकडं बघत होती. ती म्हणाली, "कोकरं खाली घ्या. वरल्या मजल्यावर नुसत्या वाकळा आनि वाघूर. पीठ-दान्याची पोती केबिनला चिकटून खाली. घोडीवरबी आमी जड कदी वर घालत नव्हतो."

लालासाहेबानं मान डोलावून तसं काढलं. तात्याबासाठी त्यानं फिरती बैठक सुचवली. सीट दाराकडं वळवायची, माणसानं पाठ करून बसायचं, मग सीट आत वळवून खटका लावायचा. खाली घडीची पायरी, दाराच्या चौकटीला धरायला उजव्या हाताशी दांडी, आणि कमरेला रुंद पट्टा. बसायला जाड फोम, मधोमध खोलगट, म्हणजे जखमेवर भार येणार नाही.

सगळं ठरलं. चहा झाला. लालासाहेब निघायला उठला तेव्हा बनुबाई थोडं चाचरत म्हणाली, "मेस्त्री, आनि एक हाय. जमंल का न्हाई ठावं न्हाई."

"बोला की."

"ह्यास्नी गाडीत कायतरी काम द्या. नुसतं बसवून न्यायचं म्हंजे कट्टा काय आनि गाडी काय."

लालासाहेबानं तात्याबाकडं पाहिलं. मग त्यानं विचारलं, "हमरस्त्यावर मेंढरं चढली की मागनं कोन ऱ्हातं?"

"आमी. फडकं दावत. पर गाड्या कुठं थांबत्यात?"

"मग पिकअप मागं ठिवा. मागं दोन मोठ्ठ्या पिवळ्या बत्त्या बसवतो, पुढं दोन. चारीबी एकदम लुकलुकनाऱ्या. बटन मधोमध, मामांच्या उजव्या हाताशी." तो तात्याबाकडं वळला. "मामा, मेंढरं रस्त्यावर चढली की लावायचं. शेवटलं मेंढरू उतरलं की बंद करायचं. जमंल न्हवं?"

तात्याबानं उजवा हात उचलून अंगठा हवेत दाबून दाखवला.

गाडी तयार होईपर्यंत खांड त्याच भागात फिरत राहिली. गाडी तयार झाली, पण चालवणार कोण हा प्रश्न होताच. नाथाजी आणायला गेला, चाकामागं बसला, आणि किल्ली न फिरवताच खाली उतरला. शेवटी शेतकऱ्याच्या मुलानंच ती आणून दिली. त्या रात्री भाकरी थापता थापता सोनिया म्हणाली, "आत्ती, मी शिकू का?"

सोनिया अंगानं लहानखुरी, बोलायला कमी. मेलेली कोकरं तिनंच बांधावर नेऊन ठेवली होती, आणि त्या दिवसापासून ती आणखी गप्प झाली होती. बनुबाईनं तिच्याकडं पाहिलं. "भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय. पर म्हंजी मी सावकाश तरी चालवीन."

नाथाजीनंच तिला शिकवलं. स्वतः चाकाला हात न लावता, शेजारी बसून, मोकळ्या रानात. त्याचं ओरडणं आणि तिचं गप्प राहणं बनुबाई लांबून ऐकायची. एकदा सोनिया गाडी बंद करून उतरली आणि चालत वाघरीकडं निघाली. नाथाजी तिच्या मागं गेला. काय बोलला कोण जाणे, पण दोघं परत आली आणि त्यानंतर तो ओरडला नाही. उन्हं तापायच्या आत तिला सांगलीतून लायसन मिळालं. चाकावरून पुढचं दिसावं म्हणून ती बुडाखाली वाकळेची घडी घेऊन बसे.

ते कऱ्हाडच्या बाजूला सरकले तेव्हा पहिल्यांदा खांडीला मोठा रस्ता ओलांडायचा होता. पहाटेचं धुकं नुकतं विरत होतं. पुढं नाथाजी, मधे कुत्री, मागं बनुबाई आणि तिच्यामागं पिकअप. पहिलं मेंढरू डांबरीवर आलं आणि पिवळे दिवे लुकलुकू लागले. मागून उसाच्या ट्रॉल्या येत होत्या, दुधाचा टँकर येत होता. सगळे हळू झाले, थांबले. एकानं हॉर्न वाजवला, तेव्हा खिडकीतून उजवा हात बाहेर काढता येत नव्हता म्हणून तात्याबानं सोनियाला खूण केली आणि तिनं आपल्या बाजूनं हात काढून त्याला थांबवलं. शेवटची लंगडी मेंढी पलीकडं उतरली. दिवे बंद झाले.

बनुबाई पलीकडं पोचून मागं वळली. काचेतून तात्याबा दिसत होता. तो हसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर पूर्वीचा, खांड आवरून बसलेल्या मेंढक्याचा करडेपणा आला होता. तो पाहून तिला रडू आलं, आणि ती पदर तोंडाला लावून मेंढरांच्या मागं लागली.

त्यानंतर त्या बटणाला तो कुणाला हात लावू देत नसे. सोनियानं एकदा सहज दाबलं, तर दिवसभर तिच्याशी बोलला नाही. सीटमध्ये बसून तो वरून सगळी खांड बघायचा. कुठली मेंढी पाय राखून चालते, कुठली चरत नाही, हे तो बोटानं दाखवायचा, आणि सोनिया खिडकीतून ओरडून नाथाजीला सांगायची. नुकतं जन्मलेलं कोकरू त्याच्या मांडीवर ठेवलं की तो उजव्या हातानं ते घट्ट धरी. पाठीच्या जखमा भरल्या. खोल होती तिथं काळा डाग राहिला.

नाथाजी मात्र गाडीत बसला नाही. तो मेंढरांबरोबर चालायचा. मुक्कामाला गाडी उतारावरून रानात घालायची असली की तो आधी पुढं जाऊन पायानं माती दाबून बघे, दगड वेचून टाके, आणि मग सोनियाला हात करी. बापाला मात्र रोज तोच उतरवायचा. सीट वळवून, पायरी खाली पाडून, काखेत हात घालून. एकदा उतरता उतरता तात्याबानं उजवा हात मुलाच्या डोक्यावर ठेवला आणि तोल सावरल्याचं निमित्त करून थोडा जास्तच वेळ ठेवला. बनुबाई चुलीपाशी होती. तिनं पाहिलं आणि फुंकणीनं जाळ फुंकायला खाली वाकली.

असे दोन हंगाम सरत आले.

दुसऱ्या वर्षी चैत्रात, पाटणच्या खोऱ्यातून परतताना, तात्याबाचं खाणं कमी झालं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि बनुबाईला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना आता घरी नेलेलं बरं. तिनं तात्याबाला विचारलं, "घरी जायचं का वं? सोनिया गाडीनं सोडंल. मी ऱ्हाते तुमच्यापाशी."

त्यानं मान हलवली. बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाला, "मेंढरांसंगं."

"बरं," ती म्हणाली. पुन्हा विचारलं नाही.

कऱ्हाड मागं टाकून खांड माणदेशाकडं वळली होती. एका सकाळी रस्ता ओलांडायचा होता. दिवे लागले. मेंढरं सावकाश पलीकडं गेली, शेवटचं उतरलं, कुत्रीही उतरली. थांबलेल्या गाड्या निघाल्या. बनुबाई पलीकडच्या बांधावर उभी होती. पिवळे दिवे लुकलुकत होते. तिनं वाट पाहिली. दिवे लुकलुकतच राहिले. मग सोनियाचा आवाज आला, "आबा? आबा, झालं. बंद करा." आणि मग, "आत्ती!"

बनुबाई धावली नाही. तिला कळलं होतं. ती रस्ता ओलांडून आली, डाव्या बाजूचं दार उघडलं, पायरी पाडली आणि वर चढली. तात्याबाची मान खिडकीकडं कलली होती. डोळे उघडे होते आणि मेंढरं गेली त्या बाजूला लागले होते. तिनं ते मिटले. पट्टा सोडवला नाही. सोनिया चाकावर डोकं टेकून रडत होती. बनुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "गाडी बाजूला घे, पोरी. मागं मान्सं खोळंबल्यात."

बटण तिनं दाबलं नाही. ते नाथाजीनं दाबलं, तो पळत आला तेव्हा.

तात्याबाला गावी न्यायचं होतं. शेजारच्या खांडीतल्या मेंढक्यानं मेंढरं सांभाळायचं कबूल केलं. बिऱ्हाड आणि कोकरं त्याच्या रानात उतरवली, हौदा झाडून घेतला, त्यात घोंगडी अंथरली. सोनियाचे डोळे सुजले होते, हातांत बळ नव्हतं. नाथाजी गाडीभोवती एकदा फिरला. मग काही न बोलता चाकामागं जाऊन बसला. बनुबाई हौद्यात, तात्याबाचं डोकं मांडीवर घेऊन. पिंपळदऱ्यापर्यंत गाडीनं एक हिसका दिला नाही. ती चालवणाऱ्याची काळजी होती की पाट्यांची करामत, कुणास ठाऊक. घाट उतरताना मात्र नाथाजीचं हुंदके देणं तिला केबिनच्या काचेतून ऐकू येत होतं, आणि ती नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत समजूत काढल्यासारखं काहीबाही बोलत होती. नवऱ्याची की मुलाची, ते तिलाही कळत नव्हतं.

माती झाली. पंधरवड्यानं त्यांनी खांड परत आणली.

पुढच्या हिवाळ्यात मेंढरं पलूसच्या बाजूला असताना गाडीचा एक पाटा तुटला. सोनियानं गाडी कुपवाडला नेली, बनुबाई बरोबर गेली. लालासाहेब ग्राइंडर चालवत होता. केबिनमधली रिकामी सीट बघून त्यानं मशीन बंद केलं.

"कवा?"

"चैतात. रस्त्यावरच."

तो नळावर गेला, हात-तोंड धुतलं, आणि येऊन तिच्या शेजारी बाकड्यावर बसला. म्हणाला, "आक्का, ती बैठक काढू का? नुसत्या बोल्टावर हाय. साधी सीट टाकतो. तुमीबी आता बसत जावा. गुडघं धरल्यालं दिसत्यात."

बनुबाईनं केबिनकडं पाहिलं. सीटच्या फोमवर तात्याबाच्या अंगाचा खळगा अजून तसाच होता. रोज सोनिया ती सीट पुसायची, पण तिच्यावर कुणी बसत नव्हतं. नुकती जन्मलेली ओली कोकरं पायाखालच्या जागेत दाटीवाटीनं ठेवावी लागत. परवाच त्यांतलं एक गुदमरलं होतं.

"काढा," ती म्हणाली. "कोकरास्नी जागा पुरना झालीया."

लालासाहेबानं पाना लावला. बोल्ट गंजले होते, एकेक कुरकुरत सुटला. बनुबाई बघत बसली, मान वळवली नाही. सीट बाहेर आली तेव्हा ती उठली आणि त्या खळग्यावरून एकदा तळहात फिरवला. मग बाजूला झाली.

"आता हिच्यासाटनं करा," सोनियाकडं बोट दाखवून ती म्हणाली. "दोन वर्सं झाली, वाकळंच्या घडीवर बसून गाडी हाकतीया. पाय पुरत न्हाईत तिचं. हिचं माप कुनी घेटलंच न्हाई."

सोनिया लाजून मागं सरकली. लालासाहेबानं खिशातून टेप काढला, तिला चाकामागं बसायला सांगितलं आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंतचं माप मोठ्यानं म्हणून दाखवलं. बनुबाई दाराशी उभी राहून ऐकत होती.